प्लेटवरचे ठिपके

माणसांच्या हातांची मला किळस येते. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढल्यावर ती यायचीच. पॅकिंगवर उभ्या असलेल्यांच्या तळव्यांवरून ओला बोळा फिरवायचा, तो प्लेटवर पसरायचा, प्लेट दोन दिवस उबदार कपाटात ठेवायची आणि मग तिच्यावर उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे, हे माझं काम. कोण तंबाखू मळून तसाच आत शिरला, हे मी ठिपक्यांवरून ओळखतो, असं पोरं चेष्टेनं म्हणतात. मोबाईल तर पॅकिंग हॉलच्या दारातच काढून ठेवावा लागतो. त्यावरून मी भल्याभल्यांना झापलंय.

म्हणून तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी दोन महिने आधीच जन्मली, तेव्हा दवाखान्यात मी सगळ्यांच्या हातांवर डोळा ठेवून होतो. सव्वा किलोचं पोर काचेच्या पेटीत, आणि बाहेर जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. त्याच भिंतीला हात टेकून उभे राहिलेले नातेवाईक त्याच हातांनी वडापाव खायचे. मला ओकारी यायची. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हिच्याकडे थोड्याच आहेत, आणि ज्या आहेत त्यांना अजून नीट लढता येत नाही. तिच्या वतीनं आपण लढायचं. हात धुऊन."

तिसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण डाळजहून आली, एसटीतून उतरून थेट. पदराखाली मधाची बाटली. आमच्या घरात बाळाला पहिलं मधाचं बोट आत्यानं चाटवायचं. सकाळी धारा काढून निघालेली, हाताला शेणाचा वास, नखांत माती. मी दारातच तिच्यावर ओरडलो, "मारायचीय का तिला? ते बोट बघ आधी कसलं हाय ते!" जिन्यापर्यंतची माणसं वळून बघायला लागली. तिनं बाटली झाकली. "चुकलं बाबा. मला कुठं काय कळतंय? लांबनंच बघते," म्हणाली. काचेतून पोरीला बघितलं आणि पुढच्या गाडीनं परत गेली. वॉर्डात झोपलेल्या माझ्या बायकोला भेटलीसुद्धा नाही.

त्याच दुपारी मी अंगठी काढली, कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढवला आणि आत गेलो. खिशात मोबाईल होता. तो बाहेर ठेवा, अशी पाटी दारावरच होती. पण आईला नात बघायची होती, आणि गुडघ्यांमुळं तिला गावाहून येता येत नव्हतं. सिस्टर पलीकडच्या बाळाकडे वळल्या तसा मी व्हिडिओ कॉल लावला. "टोपी सरकव की, कपाळ दिसंना," आई म्हणाली. मी मोबाईल उजव्या हातातून डाव्यात घेतला, उजवा हात पेटीत घातला आणि टोपी सरकवली. लाडानं ओठांनाही बोट लावलं.

दोन दिवसांनी पोरीला दूध पचेना. ताप नव्हता, उलट पाय गार. मधेच श्वास घ्यायची थांबायची. रक्तात जंतू गेले होते. अशा वेळी पांढऱ्या पेशी वाढतात एवढं मला ठाऊक होतं, पण रिपोर्टात त्या घटलेल्या. "होत्या तेवढ्या कामी आल्या. नव्या तयार व्हायला वेळ लागतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकोनं मला विचारलं, "वन्संनी हात लावला होता का?"

"मध घेऊन आली होती," मी म्हणालो. एवढंच. यात खोटं काही नव्हतं, पण तेवढ्यावर घरभर झालं की आत्याच्या मधानं पोरगी आजारी पडली. बहीण फोनवर रडली. "म्या हात बी लावला न्हाय रं. तू हुतास की तितं. सांग की त्यांना." मी "बघू" म्हणालो.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये मी माझ्या मोबाईलवरून बोळा फिरवला. दोन दिवसांनी कपाटातून प्लेट काढली. पांढरे, पिवळे ठिपके, आणि एक कडेपर्यंत पसरलेला, शेंबडासारखा. पॅकिंगवरच्या कुणाचीच प्लेट इतकी घाण निघाली नव्हती. हा मोबाईल मी कँटीनच्या टेबलावर ठेवतो, संडासात नेतो. बेसिनवर जाऊन ओकलो. प्लेट वाफेवर ठेवून जंतू मारले आणि वहीत काही लिहिलं नाही. जंतू नेमके कुठून आले ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या वाक्याआड मी आजवर लपलोय.

पोरगी तीन आठवड्यांच्या औषधांनी वाचली. मागच्या महिन्यात बहीण आमच्या जळोचीच्या घरी आली, तर पोरगी हात वर करून तिच्याकडे पळाली. बहीण दोन्ही हात पाठीमागं घेऊन मागं सरकली. "थांब बाय. आदी हात धुते."

तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, एकेक नख घासलं. स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्या हातांकडे बघत होती. मी जवळच उभा होतो. बहिणीला टॉवेल दिला.