लखनचा ठसका थांबला तेव्हा

लखनला पाजायचं म्हणजे आशाचा अर्धा दिवस त्यातच जायचा. जन्मला तेव्हा पोर रडलंच नव्हतं. पेठच्या दवाखान्यात नर्सनं पाठ चोळचोळून चोळली, तेव्हा कुठं मांजराच्या पिल्लागत आवाज फुटला. पुढं छातीशी धरलं की चार घोट ओढायचं आणि ठसका लागायचा. दूध नाकातून बाहेर यायचं, ओठ काळेनिळे पडायचे. सासू भागीबाई म्हणायची, "टाळू भर गं त्याची, सुटंल." टाळू भरून झाली, भगताकडं नेऊन झालं. ठसका काही सुटला नाही.

मग आशा वाटीत दूध काढून चमच्यानं पाजू लागली. दिवाळीनंतर नवरा काळू आणि ती दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला गेली, पोर बरोबरच. बाकीच्या बाया ओळ संपवून पुढं गेलेल्या असत आणि आशा बांधावर मांडीत लखनला घेऊन बसलेली. "पोर पाजायला आलीस का कामाला?" मुकादम ओरडायचा. ती मान वर करायची नाही. नजर हटली की ठसका लागेल, ही भीती.

लखन वर्षाचा होत आला आणि ठसका थांबला. एका सकाळी नागलीची पातळ पेज वाटीभर पोटात गेली, एकदाही खोकला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. आशानं गावी फोन लावला. "आई, लखन गिळाय लागला! ठसका नाय का काय नाय!" भागीबाईनं गावदेवाला नारळ फोडला. काळूनं बागेतल्या सगळ्या मजुरांना जिलेबी वाटली. आशा आता भराभर पाजायची आणि बायांच्या बरोबरीनं ओळ धरायची.

पण पोर अंग धरेना. छातीत घरघर सुरू झाली, दिवस कलला की ताप चढायचा. औषधानं उतरायचा, परत यायचा. एके दिवशी श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या, तेव्हा दोघं त्याला घेऊन नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात धावली. न्यूमोनिया होता.

जरा उतार पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेजेत औषध कालवून एक चमचा भरवला आणि एक्स-रेच्या पडद्यावर त्याचं गिळणं पाहिलं. आशालाही दाखवलं. घशातून एक काळी रेघ उतरत होती, मध्येच तिला बारीक फाटा फुटत होता.

"ही पोटाची वाट, ही फुप्फुसाची," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं इकडं जातंय."

"पण ठसका तर बंद झाला ना, बाई?"

"ठसक्यानं आत गेलेलं बाहेर पडत होतं. आता त्याच्या घशाला कळतच नाहीये. म्हणून तो खोकत नाही."

आशा पडद्याकडं बघत राहिली. किती आनंदानं भरवल्या होत्या तिनं त्या वाट्या.

नाकातून पोटापर्यंत नळी घालायची, दूध त्यातूनच द्यायचं, तोंडानं काही नाही, असं ठरलं. काळू भडकला. "तोंड असून नाकानं जेवायचं? गावात कसं दाखवायचं असलं पोर?"

"मी दाखवीन," आशा म्हणाली. "तुम्ही नका दाखवू."

पुढच्या हंगामाला काळू एकटाच बागेवर गेला. आशा गावी राहिली. नळी जागेवर आहे का ते दर वेळी बघायची, मग हळूहळू दूध सोडायची. चुलीवर भाकरी भाजली की लखन ओठ चाटायचा. म्हणून ती घराच्या मागं जाऊन जेवायची. भागीबाईला ते बघवायचं नाही. "पोराची जीभ वळवळते गं. बोटभर गूळ तरी लावू दे."

"नको, आई."

म्हातारी डोळ्याला पदर लावून उठून जायची. पण तिनं चोरून कधी लावला नाही.

लखनच्या मांड्यांना वळ्या पडल्या. आईचा आवाज आला की मान वळवू लागला. आशाला वाटलं, निभावलं. तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की त्याची स्वतःची लाळही चुकीच्या वाटेनं जाऊ शकते, नळी ती अडवत नाही. हंगाम संपवून काळू घरी आला होता. पावसाळा सरता सरता पोराला ताप आला. गाडी मिळून नाशिकला पोचेपर्यंत पोर धापा टाकत होतं. वॉर्डात, भर दुपारी, आशाच्या मांडीवर त्याचा श्वास थांबला. काळू त्याचे पाय चोळत होता. नर्सनं खांद्यावर हात ठेवला तरी चोळतच राहिला.

गावात कुणी म्हणालं, नळीनंच मारलं. कुणी म्हणालं, म्हातारीनं काहीतरी चाटवलं असणार. भागीबाईच्या कानावर ते आलं. ती आशाला एवढंच म्हणाली, "तुला माहीत हाय ना गं?" आशानं मान डोलावली.

दिवाळीनंतर दोघं पुन्हा बागेवर गेली. ओळखीच्या बायांनी विचारलं, "पोर कुठं गं?"

"गेला."

"अगं आई गं! काय झालं होतं?"

बाकीचं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, ते तिला उमजेना. "न्यूमोनिया," ती म्हणाली आणि कात्री घेऊन ओळीत शिरली.