मनगट आपोआप सुटतं, हे सांगणारा मी नव्हे

पुलगावजवळच्या गोल्फ मैदानावर मी वीस वर्षं ‘सर’ म्हणून मिरवलो. आम्ही सगळे निवृत्त बाबू. अंगात माज मोठा आणि खेळ भिकार. स्टिक चेंडूजवळ आली की मनगट झटकायचं आणि चेंडू बाभळीत घालवायचा.

गवत कापणारा नाचणगावचा माणूस एकदा मला म्हणाला, “सायेब, मनगट काऊन झटकून राह्यले? तूर झोडताना काठी आवळली तं शेंग फुटत नाई. आधी कंबर फिरू द्या, मंग हात येऊ द्या. मनगट शेवटी आपोआप सुटते.”

“आता तूरवाले गोल्फ शिकवणार!” मी सगळ्यांसमोर खिदळलो. महिन्याभरात तेच मी नवख्यांना माझं म्हणून सांगू लागलो. पुढे मैदानावर शिकवायला माणूस नेमायचा होता, तेव्हा कोणीतरी त्याचं नाव काढलं. “त्याला काय कळतं?” म्हणत ती जागा मीच बळकावली.

परवा त्याच्या घरी जाऊन हे कबूल केलं.

“मले काऊन सांगता? मले तं माहीतच होतं,” तो म्हणाला. “तुमच्या मंडळीले सांगा.”

तर मंडळी, तुम्ही शिकलात ते सगळं त्याचं होतं. माझं त्यात फक्त खेकसणं होतं.