गळ्यात पडून रडायची रीत

आमच्या तांड्यात रडणं शिकवायचे. हे सांगितलं की यवतमाळच्या बायका हसतात आणि पुढे काहीतरी गमतीचं येणार म्हणून सरसावून बसतात. गमतीचं काही येत नाही. लग्न ठरलेल्या मुलीने आईच्या, बापाच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून चालीवर रडायचं, तेही शब्दांसकट. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. बापासाठी शब्द वेगळे, भावासाठी वेगळे, गोठ्यातल्या बैलांसाठीसुद्धा दोन ओळी असायच्या. हे आपोआप येत नाही, लग्नाआधी रोज दिवेलागणीला बसून शिकावं लागतं. कोणती मुलगी कशी रडली हे तांडा वर्षानुवर्षं विसरायचा नाही, आणि जी कोरडी राहिली तिच्या आईला पाणवठ्यावर बायका जीव नकोसा करायच्या.

घरात आम्ही गोरबोली बोलायचो. इथे तिची वऱ्हाडी करून लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. आईला याडी म्हणतात आणि मोठ्या बहिणीला बाई, एवढे दोन शब्द मात्र तसेच ठेवते.

आपला जिल्हा नागपूरकडून मुंबईकडे गेला त्या साली बाईचं लग्न झालं. राज्य बदलल्याची खबर तांड्यावर कोणाला नव्हती, पण बाईच्या रडण्याची खबर पार महागावच्या बाजारापर्यंत गेली. ती अशी रडली की तांड्याच्या नायकाच्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि तो माणूस स्वतःची आई गेली त्या दिवशी पोटभर जेवला होता. याडी कितीतरी दिवस ताठ मानेने पाणी भरत होती. मी दहा-बारा वर्षांची असेन. मला बाईचा हेवा वाटला.

बाईला राळेगावकडच्या एका तांड्यात दिली होती. म्हणजे महागावहून मोटारीने यवतमाळ, तिथे मोटार बदलायची, आणि पुढे पायी. एवढ्या लांब दिलेली मुलगी वर्षातून एकदा आली तरी पुष्कळ. आली की तिनेही रडायचं, अशी रीत. ती अंगणात थांबायची, घुंगट तोंडावर ओढायची, आईच्या गळ्यात पडायची आणि चालीवर सगळं सांगायची. सासू छळते, नवरा हात उगारतो, पाणी लांबून आणावं लागतं, कुठं गं दिलंस मला. सगळ्याच मुली हेच म्हणायच्या. जिला नवरा तळहातावर ठेवत होता तीही म्हणायची, कारण म्हटलं नाही तर ही सासरी रमली, आईला विसरली, असा अर्थ व्हायचा. रडून झालं की कोणीतरी ‘बस वं, बस’ म्हणायचं, तोंड धुवायला तांब्या पुढे करायचं, आणि लगेच कोणाची गाय व्याली यावर गप्पा सुरू व्हायच्या.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, बाई आली. मी अंगण सारवत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या सोयरिकीसाठी पाहुणे यायचे होते, म्हणून घरात सकाळपासून धावपळ होती. मी मान वर केली तर बाई कुडाजवळ उभी. एकटी. लग्न झालेली मुलगी एकटी येत नसते, तिला कोणीतरी आणून सोडतं. हातात गाठोडंही नव्हतं.

याडी बाहेर आली. बाईने घुंगट ओढला आणि तिच्या गळ्यात पडली.

“मले तिथं पुन्हा धाडू नको, याडी,” ती चालीवर रडत होती. “ते मले मारून टाकतीन. मी तुहं शेण काढीन, शिळं खाईन, मले ठेवून घे.”

शेजारच्या बायका हातातली कामं टाकून गोळा झाल्या. एक म्हणाली, “गळा काय हाय वं पोरीचा!” दुसरी म्हणाली, “लग्नातल्याहून गोड रडून राह्यली.” त्या कौतुकाने ऐकत होत्या. एकीने तर आपल्या मुलीला पुढे ढकललं, म्हणाली, ऐक नीट, शीक जरा. मी शेणाने भरलेले हात घेऊन तिथेच उभी होते आणि मलाही ते रडणं छानच वाटलं. मग याडीने बाईचे हात गळ्यातून सोडवले, आणि सोडवायला तिला जोर लावावा लागला. याडीच्या मानेवर नखांचे व्रण उठले होते. ते संध्याकाळपर्यंत दिसत होते.

तांब्या आला, बाईने तोंड धुतलं. भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. याडीने तिला काही विचारलं नाही, ती पाहुण्यांसाठी डाळ निवडत राहिली. सांजेला बाई चुलीपाशी बसली होती तेव्हा मी विचारलं, “काहून आली वं एकटी?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “सांगतलं नं सारं,” ती म्हणाली.

सकाळी पाहुणे यायच्या आत भाऊ तिला महागावला मोटारीत बसवून आला. पाहुण्यांना मी पसंत पडले.

थंडी सरता सरता निरोप आला की बाई तापाने गेली. तापाने असं तिच्या सासरचे म्हणाले. बा आणि भाऊ पोचले तेव्हा तिची राख गार झाली होती. अंगाला हळद लागायला आणि राख व्हायला मध्ये दोन वर्षंसुद्धा गेली नव्हती.

याडी रडली. मेलेल्यासाठी रडायचीही आमच्यात चाल आहे, त्या चालीवर ती बायकांच्या घोळक्यात बसून रडली आणि कोणी नावं ठेवावीत असं काही तिने ठेवलं नाही. मला मात्र रडू आलं नाही. मला वाटलं माझ्यात काहीतरी कमी आहे. मी मडकं फोडलं. भावाच्या दंडाला चावले. बाजारातून बांगड्या आणल्या त्या पायरीवर आपटल्या. सगळे म्हणाले, पोट्टी वाया गेली. मला खरंच वाटायचं की दुःख असंच असतं, दातओठ खायला लावणारं. तो राग होता, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? तांड्यात रडण्याला चाल होती, शब्द होते, शिकवणारी होती. रागाला यातलं काही नव्हतं. पुरुषाला राग आला तर तो दारू पिऊन कोणालातरी मारायचा आणि तो विषय तिथे संपायचा. बाईमाणसाला राग आला तर तिने जात्यावर बसावं नाहीतर गोवऱ्या थापाव्या. याडीने त्या वर्षी इतक्या गोवऱ्या थापल्या की पावसाळा संपला तरी सरल्या नाहीत, आणि मी तो तिचा राग न ओळखता दुःखच समजत राहिले.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात माझं लग्न धरलं होतं. ढावलो शिकवायला तांड्यात एक विधवा म्हातारी होती, तिला सगळे डोकरी म्हणायचे. तिच्या अंगणात आम्ही लग्नाळू मुली बसायचो. लोकांना वाटतं ती प्रेमळ असेल. ती कसायासारखी होती. चाल ती पहिल्या काही दिवसांतच शिकवायची, नंतरचे सगळे दिवस डोळ्यांतून पाणी काढण्यात जायचे. प्रत्येकीचं दुखरं ठिकाण तिला पाठ होतं आणि बरोबर तिथे ती बोट घालायची. एका मुलीची आई लहानपणी वारली होती. तिला म्हणायची, “तुह्या गळ्यात पडाले कोण येईन वं? खांबाले मिठी मार.” दुसरी काळी होती. तिला म्हणायची, “तुहा नवरा घुंगट वर करीन आन परत खाली टाकीन.” मुली हुंदके देऊ लागल्या की ती लगेच चाल उचलायची, म्हणायची, आता शब्द घाल, पाणी वाया नको जाऊ देऊ. आणि खरंच, त्यांचं रडणं ऐकण्यासारखं व्हायचं.

माझ्यावर तिने सगळे उपाय केले. शेवटी एका संध्याकाळी म्हणाली, “बहिणीच्या तोंडात शेवटलं पाणी कोणं घातलं, सांग. घातलं का कोणं? का कोरड्याच नरड्यानं गेली?”

बाकीच्या मुली रडायला लागल्या. मी जवळचा तांब्या उचलून तिला फेकून मारला. तो तिच्या गुडघ्याला लागला. तिने गुडघा चोळला, मला शिवी दिली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुले रडू नाही येत, कारण तुले कोणाचा तरी गळा दाबावा वाटते.” हे तिने समजून घेण्यासाठी म्हटलं नव्हतं, चिडवण्यासाठीच म्हटलं होतं. पण त्या दोन वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही खरं बोललं असेल तर ते हेच. मी घरी जाताना विचार करत गेले की कोणाचा. घर येईपर्यंत मला कळलं होतं.

त्यानंतर मी शब्द आणि चाल सगळं पाठ केलं, पण डोळ्यांत पाणी नाही म्हणजे नाही. याडीला काळजी लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या केसांत घुगरी हा चांदीचा दागिना बांधताना ती म्हणाली, “माही इज्जत उद्या तुह्या डोळ्यात हाय.” मी ठरवलं होतं की तिच्या गळ्यात पडल्यावर ढावलो म्हणायचाच नाही. साध्या बोलण्यात, चालीशिवाय, तिला एकच गोष्ट विचारायची.

मांडवात सगळा तांडा होता आणि वरातीचे लोक होते. मी आधी बाच्या गळ्यात पडले आणि त्याच्यासाठीचे शब्द म्हणून टाकले. शब्द बरोबर होते, गाल कोरडे होते. बायका कुजबुजल्या. भावाच्या वेळी त्या उघड बोलायला लागल्या. एक म्हणाली, “दगड हाय दगड.” डोकरी तोंड फिरवून बसली. याडीचा चेहरा राखेसारखा झाला होता, ते मला दिसलं, आणि मला बरं वाटलं.

मग याडीची पाळी. तिने मला जवळ ओढलं. घुंगटाच्या आत आमच्या दोघींचेच चेहरे, बाहेरच्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं, आणि हलगीही वाजत होती.

“याडी,” मी तिच्या कानात म्हणाले, “बाई त्या दिवशी खरं सांगून राह्यली होती. तुले समजलं नाही का?”

मला ‘नाही’ हवं होतं. मी इतके महिने त्या ‘नाही’साठी जागा करून ठेवली होती. ती नाही म्हणाली असती तर मी म्हणणार होते की चूक तुझी नव्हे, आपल्या रीतीची. सगळ्याच मुली तेच रडतात, त्यात खरं कोण ओळखणार? शेजारणी फसल्या, मी फसले, तूही फसलीस. मग मी तिच्यासाठी रडले असते. मनापासून रडले असते.

“समजलं होतं,” याडी म्हणाली.

माझे हात तिच्या गळ्यात होते. “मंग काहून धाडली?”

“दुसऱ्या दिवशी तुले पाह्याले येणार होते. घरात पळून आलेली पोरगी दिसली असती, त तुले कोण केली असती?” तिचा आवाज जराही हलला नाही. डाळ निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. “एकीच्या पायी दोघी घरात बसल्या असत्या. आता रड. लोकं पाहून राह्यले.”

आणि मी रडले. माझ्या पोटातून जे वर आलं त्याला मी किंचाळी म्हणेन. मला तिला ढकलायचं होतं, तिचा गळा आवळायचा होता, आणि मांडवातल्या एकेकाला ओरडून सांगायचं होतं की बाईला आम्ही मारलं. ही आई, मी, आणि माझी सोयरीक. पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर आली ती चाल. इतक्या संध्याकाळी घोटलेली चाल माझ्या आवाजात कधी शिरली ते मला कळलंच नाही. मी ओरडत होते, “कुठं लोटलं वं याडी, कुठं लोटलं,” आणि हेच शब्द डोकरीने शिकवलेले होते. मी नखं रुतवली. याडीने मला घट्ट धरून ठेवलं, पाठीवर हात फिरवत राहिली.

“फुटली वं, फुटली,” बायका म्हणाल्या. “शेवटी मायच्या गळ्यातच फुटली.” वरातीतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. डोकरी उठून पुढे आली आणि सगळ्यांना सांगू लागली की हिला मी शिकवलं. नायक म्हणाला, मोठ्या बहिणीवर ताण केली. रीतीप्रमाणे मला उचलून बैलाच्या पाठीवर उभी केली, मी दोन्ही हात वर करून निरोपाचं गाणं म्हटलं, आणि तेही म्हणे फार सुंदर झालं.

सासरी माझी ओळख तीच राहिली. आईवर जीव असावा तर हिच्यासारखा, असं जावा एकमेकींना सांगायच्या.

पुढे मी माहेरी जायचे तेव्हा याडी अंगणात यायची. मी घुंगट ओढायचे, तिच्या गळ्यात पडायचे, आणि आम्ही दोघी रीतसर रडायचो. सासू छळते, पाणी लांब आहे, कुठं गं दिलंस मला. माझं सासर वाईट नव्हतं, पण वाईट दिवस मलाही आले. एकदा तर असे आले की मी मोटारीत पूर्ण वाटभर ठरवत होते, आज सांगायचं. गळ्यात पडल्यावर मला जाणवलं की याडी श्वास रोखून ऐकते आहे. तिला चालीमागचं सगळं ऐकू येत होतं, नेहमीच येत होतं. बाईचंही आलं होतं, आणि तरी तिने तिला धाडलं होतं. म्हणून मी तिला त्यातलं काहीच सांगितलं नाही. पाठ असलेले शब्द शेवटपर्यंत म्हटले आणि तोंड धुवायला तांब्या मागितला.