खरी फाइल कोणती?

आमच्या ऑफिसात एक बिल्ड अडकला की दोन किस्से होतात, आणि तो सुटला की तिसरा! परवा अकोल्याला कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या. "सांग नं बाई तुमच्या ऑफिसचं," म्हणाल्या, आणि चहा गार होईस्तोवर मी सुटलेच.

ऑफिस अमरावतीत. माणसं चार: मालक इंगळे सर, तेल्हाऱ्याचा प्रफुल्ल, प्रणाली आणि मी. संत्र्याच्या बगिच्यातले पंप आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी चालवणारे छोटे डबे आम्ही बनवतो. डब्याच्या पोटात त्याला चालवणारी लिनक्स नावाची सिस्टिम असते. तिच्यात काय काय हवं ते कॉन्फिग फाइलीत लिहायचं, की कॉम्प्युटर तासन्‌तास बसून ते तयार करतो. याला म्हणायचं बिल्ड. सोपं आहे. फक्त खरी फाइल कोणती, एवढंच कोणाला माहीत नव्हतं!

*

फोल्डरमध्ये फाइली होत्या 'फायनल', 'नवी फायनल', 'खरंच फायनल' आणि 'प्रणालीने हात लावू नये'.

सर वैतागले. "यातली खरी कोणती रे?"

"तारीख पाहा नं सर," प्रफुल्ल म्हणाला. "जिले सगळ्यात शेवटी हात लागला, तेच खरी."

सर केबिनमध्ये गेले. बराच वेळ बसले. बाहेर आले ते एकदम खुशीत. "सगळ्या उघडून पाहिल्या! गोंधळ नको म्हणून प्रत्येकीत 'तपासली' असं लिहून सेव्हपण केली!"

सगळ्या फाइलींवर आजची तारीख!

*

ऐन उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटच्या एका संत्रावाल्या काकांचा फोन आला. "मॅडम, तुमचा डबा पंप चालू करून नाही राहिला. वरतून म्हन्ते, गठाण तयार आहे, उचला!"

गठाण म्हणजे कापसाची गाठ! पंपाची आणि जिनिंगची सेटिंग एकाच फाइलीत होती, आणि काकांच्या डब्यात कापूस गेला होता! झाडं पाण्यावाचून उभी. प्रफुल्लनं लॅपटॉप पाठीला लावला आणि भर उन्हात बाइक काढली. दिवस मावळायच्या आत पंप सुरू झाला, तेव्हा कुठे मी जेवले.

काकांना फोन करून माफी मागितली. "काका, चुकून कापसाची सेटिंग आली."

"मले वाटलंच. तरी तुमच्या काकूले पाठवलं होतं बगिच्यात पाहाले. म्हटलं मशीन म्हन्ते, तं उगीच नसन म्हनत!"

*

त्या दिवशी सरांनी फर्मान काढलं: सगळ्यांना लागतं ते एका फाइलीत, प्रत्येक डब्याचं वेगळं ते त्याच्या त्याच्या फाइलीत. सल्ल्यासाठी पुण्याच्या एका तज्ज्ञांना व्हिडिओ कॉल लावला.

त्यांनी आमचा पसारा पाहिला आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "हे आधीच वेगवेगळं का नाही ठेवलंत तुम्ही?"

प्रफुल्ल म्हणाला, "ठेवलं असतं तं तुमाले फोन कायले लावला असता?"

पलीकडे शांतता. सरांना वाटलं, नेट गेलं!

*

आवरायला बसलो. जुन्या फाइलीत एक ओळ निघाली. तिच्यावर शेरा: 'ही काढू नका. काऊन ते माहीत नाही.'

प्रणालीनं त्या फाइलीचा इतिहास उकरला. लिहिणारे खुद्द सर!

"सर, ही ओळ काऊन ठेवली होती?"

सरांनी चष्मा लावून शेरा वाचला. "लिहिलं तं आहे, माहीत नाही म्हणून!"

*

मग प्रफुल्लच्या बहिणीचा साखरपुडा आला. तो तेल्हाऱ्याला गेला आणि इकडे सगळ्यांचे बिल्ड पटापट बंद पडायला लागले. शोधलं तर काय! सगळ्यांच्या सामायिक फाइलीत पत्ता लिहिलेला प्रफुल्लच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा. त्याचा कॉम्प्युटर बंद, म्हणजे आम्ही बंद!

मी फोन लावला. मागे बँड वाजत होता. "प्रफुल्ल, तुझा कॉम्प्युटर काऊन बंद आहे?"

"मी सुट्टीवर आहो नं!" तो ओरडला. "मंग तो एकटा काय करन तिथी?"

*

आणि आता हा ऐका!

एक मोठी पार्टी आली. त्यांची अट एकच: तुमच्यातला कोणीही सोडून गेला तरी डबा बनला पाहिजे. ही ऑर्डर गेली असती तर ऑफिस चालणं कठीणच होतं. सरांनी कोरा लॅपटॉप आणला. नीट लावलेल्या फाइली त्यावर उतरवल्या. आम्ही तिघांनी हात मागे बांधायचे, आणि कित्येक वर्षांत बिल्ड न केलेल्या सरांनी बटण दाबायचं!

दाबलं. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. तेवढ्यात रिद्धपूरहून सरांची आई आली. आम्ही सगळे स्क्रीनकडे डोळे लावून उभे.

"काय पाहून राहिले रे सारे?"

"आई, आमचा स्वयंपाक शिजून राहिला," सर पुटपुटले.

आई खुर्ची ओढून बसली. तीही पाहायला लागली. दुपार टळली. शेवटची ओळ आली. सरांनी तो बिल्ड डब्यात घातला, वायर जोडली... आणि हिरवा दिवा लागला! प्रफुल्लनं शिट्टी मारली, प्रणाली माझ्या गळ्यात पडली, मला रडूच फुटलं!

"झाला का स्वयंपाक?" आईनं विचारलं. "कोनाच्या हातचा आहे?"

सरांची छाती फुगली. "कोनाच्याच हातचा नाही, आई! आता सारं लिहून ठेवलं. कोनीही करो, चव एकच!"

आईनं पदरानं चष्मा पुसला.

"मंग खाईन कोन ते?"