दोन गाठींची कॉइल

सज्जनहो, तांब्याची वीतभर तार हातात घ्या. तिला वास नाही, तिला आवाज नाही. होकायंत्राची सुई तिच्याजवळ नेली तरी सुई आपली उत्तर दिशा सोडत नाही. आता त्याच तारेतून प्रवाह सोडा. सुई दचकते आणि मान वळवते. तारेभोवती काहीतरी जागे झालेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, तरी लोखंडाला कळते. शास्त्र त्याला चुंबकीय क्षेत्र म्हणते. तारेचा एक वेढा घातला तर त्याचे बळ मुंगीएवढे. शंभर वेढे एकावर एक घातले तर बळ शंभरपट. मात्र त्याला एक अट आहे आणि ती फार कडक आहे. सगळे वेढे एकाच दिशेने फिरले पाहिजेत. पन्नास इकडून आणि पन्नास तिकडून घातले, तर तार तेवढीच लागते, घाम तेवढाच गळतो, प्रवाहही वाहतो, आणि सुई जागची हलत नाही. कष्ट सगळे खरे, फळ मात्र शून्य.

ज्या बाईची ही कथा, तिचे आयुष्य या एका अटीपाशी येऊन थांबले. तिला सगळे डावरी म्हणत. तिच्या भावाचा मुलगा तिला आत्या म्हणे. तिसरे नाव तिला कुणी दिले नाही.

तिचे वडील जळलेल्या मोटारी भरून देत. दोन खणांची खोली, एका कोपऱ्यात वार्निश वाळवायची भट्टी, भिंतीला लाकडी फळ्या, आणि खिडकीखाली टेबलाला आवळून बसवलेले हाताने फिरवायचे गुंडाळणीचे यंत्र. यंत्रासमोर तीन पायांचे स्टूल. जळलेली मोटार आली की छिन्नीने तिची काळी तार तोडून काढायची, लोखंडी कड्याच्या खाचा घासून साफ करायच्या आणि नव्या तारेच्या कॉइली त्यांत बसवायच्या. लहान मोटारीत दोन कॉइली समोरासमोर येतात. एकीने मधल्या फिरत्या गाभ्याला ढकलायचे, दुसरीने ओढायचे. दोघींचे एकमत झाले की गाभा गरगर फिरतो आणि पाणी माडीवर चढते.

शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून तिच्या डाव्या हातातली पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात दिली होती. वडिलांनी मात्र एक दिवस यंत्राचे हँडल काढले, डाव्या बाजूला लावले आणि लेकीला स्टूलावर बसवले. तिने पहिली कॉइल गुंडाळली. एकशे ऐंशी वेढे, प्रत्येक वेढ्याला देवाचे एक नाव. जपमाळेचा मणी ओढावा तशी तार ओढली गेली. वेढ्याला वेढा लागलेला, मधे केसाएवढी फट नाही. दुसरी कॉइल तिच्या थोरल्या भावाने गुंडाळली. दोन्ही एकाच मोटारीत बसवल्या, प्रवाह सोडला, आणि मोटार फिरेना. नुसती घूं घूं करून तापू लागली.

"हिचीच उलटी आहे, आबा," भाऊ म्हणाला. "फेकून द्या."

वडिलांनी बटण बंद केले. "उलटी? अरे, तिच्या जागी बसून बघ. तिच्याकडून तुझी उलटी आहे."

हँडल उजवीकडे असो वा डावीकडे, हात ते आपल्यापासून पुढेच फिरवतो. पण कॉइल काढून हँडलच्या बाजूने, म्हणजे टोके बाहेर पडतात त्या बाजूने पाहिली, तर एकीची तार घड्याळाच्या काट्यांसारखी आणि दुसरीची काट्यांच्या विरुद्ध. माणूस आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब, इतकाच फरक. दोन्ही सारख्या जोडल्या की दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना ढकलतात, आणि मधला गाभा बिचारा कोणाचे ऐकणार?

वडिलांनी तिच्या कॉइलीची दोन टोके आपसांत बदलली. मोटार फिरली.

"यात दोष नाही, खूण हवी," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्या खोलीत रीत पडली. प्रत्येक कॉइलीच्या सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा. भावाच्या दोऱ्याला एक गाठ, तिच्या दोऱ्याला दोन. दोन्ही एकाच मोटारीत आल्या तर दोन गाठींच्या कॉइलीची टोके बदलायची. टोके बदलली की प्रवाह उलटतो, प्रवाह उलटला की क्षेत्रही उलटते. वडिलांनी तिला आपले पितळी डबीतले होकायंत्रही दिले. "कधी शंका आली तर या सुईला विचार. ही कोणाच्या घरातली नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेत नाही."

वडील गेले. भाऊ दुकानाचा धनी झाला आणि ती स्टूलावर राहिली. लग्नाची बोलणी दोनदा झाली, दोनदा मोडली. ती रडली नाही. तिला या जगात एकच गोष्ट हवी होती, ते खिडकीजवळचे स्टूल. सकाळचा उजेड तारेवर पडे, डावा हात फिरू लागे, ओठांवर नाव चाले. असे एकतीस वर्षे चालले. ती गुंडाळी, भाऊ जोडी; काम साचले तर अधूनमधून तोही चार कॉइली गुंडाळी. गिऱ्हाइकाने कौतुकाने विचारले, "काय सुबक काम आहे हो! गुंडाळतं कोण?" तर भाऊ हसून म्हणे, "आम्हीच." त्या 'आम्ही'मध्ये ती होती की नव्हती, हे तिने कधी विचारले नाही. देव जाणतो, एवढे तिला पुरत असे. मला विचाराल तर तिने विचारायला हवे होते. देव जाणतो हे खरे, पण देव गिऱ्हाइकांशी बोलत नाही.

मग भावाचा मुलगा विजेचे शिक्षण पुरे करून दुकानात आला. पोरगा हुशार, नीटनेटका, बोलण्यात तरतरीत. येताना मीटर घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात त्याने फळ्या झाडल्या, कॉइली मापाप्रमाणे रचल्या आणि त्यांवरचे लाल दोरे कात्रीने कापायला घेतले.

"अरे, अरे, ते काय करतोस?" आत्या स्टूलावरून उठली. "माझ्या दोन गाठींच्या आहेत त्यात. मिसळल्या तर कळणार नाहीत."

"आत्या, गाठी मारून वीज थांबत नसते," तो हसला. "हे दोरेबिरे म्हणजे गंडे-ताईत झाले. माझ्याकडे मीटर आहे. तार किती, प्रवाहाला तिचा रोध किती, सगळं आकड्यात सांगतं."

"तुझं मीटर तार किती ते सांगेल. ती कुठल्या बाजूने फिरली, ते सांगेल का?"

"आत्या, तू तार सुंदर गुंडाळतेस, खरंच सुंदर गुंडाळतेस. बाकीचं माझ्यावर सोड."

भाऊ तिथेच उभा होता, हातातल्या फडक्याने पाना पुसत. तिने त्याच्याकडे पाहिले. त्या खोलीत दोन गाठींचा अर्थ जाणणारी माणसे दोनच होती, एक ती आणि एक तो. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी तो पुसत राहिला. कात्री चालली. लाल दोरे केराच्या डब्यात गेले.

चार दिवसांनी रुग्णालयातल्या पाण्याच्या पंपाची मोटार आली. वरच्या मजल्यावर रुग्ण, टाकीत अर्ध्या दिवसाचे पाणी. नवीन गुंडाळायला सवड नव्हती. पुतण्याने फळीवरून त्या मापाच्या दोन कॉइली उचलल्या. मीटर लावले. दोन्हींचा रोध एकसारखा, दशांशापर्यंत. तो खूश झाला. आत्या स्टूलावरून म्हणाली, "एकदा सुई लावून बघ बाळा, पितळी डबी इथेच आहे." तो म्हणाला, "आकडा दिसतोय ना, आत्या." त्याने कॉइली बसवल्या, सारख्या जोडल्या आणि घाईत चालवून न पाहताच मोटार पाठवून दिली.

त्यांतली एक भावाची होती, दुसरी तिची.

दुपारी पंप लावला. मोटार घूं घूं करू लागली. फिरेना, म्हणून तिथल्या माणसाने बटण दाबून धरले. फिरती मोटार आपला प्रवाह आपणच आवरते. अडलेली मोटार खातच सुटते. पाच मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास जिन्यापर्यंत आला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर बादल्यांनी पाणी चढवावे लागले. संध्याकाळच्या आत रुग्णालयाच्या देखभालीचे साहेब मोटार घेऊन दुकानात उभे राहिले.

"एकतीस वर्षं तुमच्याकडे येतोय," ते भावाला म्हणाले. "असं कधी झालं नव्हतं. चूक कोणाची ते सांगा."

पुतण्याने जळलेली मोटार उघडली, कॉइलींवरचे करपलेले कापड खरवडून वेढे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. शिकलेला होता, एका नजरेत त्याला कळले. मान वर न करता तो म्हणाला, "यातली एक उलटी गुंडाळलीय. आत्याची."

स्टूलावर आत्या, दारात साहेब, आणि टेबलापाशी भाऊ. आत्याने साहेबांकडे पाहिले नाही, पुतण्याकडे पाहिले नाही. तिने भावाकडे पाहिले. सज्जनहो, एका वाक्याचे काम होते. 'खूण होती साहेब, आमच्या मुलाने ती कापली.' एवढे म्हणायला श्वास किती लागतो? पण त्या वाक्यात पोराची फजिती होती. त्या वाक्यात एकतीस वर्षांचे "आम्हीच" उघडे पडणार होते.

भाऊ म्हणाला, "तिचा हात पहिल्यापासूनच उलटा आहे, साहेब."

ते खोटे नव्हते. त्याने तिच्या कष्टाची दिशा तेवढी फिरवली, आणि सगळे वेढे शून्य झाले.

साहेब मान हलवून म्हणाले, "बायकांच्या हातात असली कामं देऊ नयेत हो." भाऊ साहेबांना दारापर्यंत पोचवायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने तिला चहा देताना हळूच सांगितले, "हे म्हणतात, वन्सं आता घरीच आराम करा. खूप केलंत." आत्याने चहा प्यायला, कपबशी विसळून ठेवली. दुकानातून फक्त पितळी डबी मागवून घेतली.

महिना गेला. एका दुपारी पुतण्या घरात आला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्याने अकरा कॉइली तिच्यापुढे मांडल्या. दोरा एकीलाही नव्हता.

"आत्या, यातल्या तुझ्या कुठल्या आणि बाबांच्या कुठल्या, ते सांगशील? फळीवर सगळ्या मिसळल्यात, वर कापड गुंडाळलेलं, आतले वेढे दिसत नाहीत. भीतीने एकही लावता येत नाही."

"बाबांना विचार की."

"विचारलं. ते म्हणाले, गाठींचं मला काही माहीत नाही, तिचं तीच जाणे."

आत्या हसली. त्या घरात तिला तसे हसताना कुणी पाहिले नव्हते. मग तिने डबी उघडली, एक सेल मागून घेतला. पहिली कॉइल उभी धरली, टोके बाहेर पडतात ती बाजू सुईकडे. आतले टोक सेलच्या धनाला, बाहेरचे ऋणाला. क्षणभर स्पर्श. सुईचे निळे टोक झटकन कॉइलीकडे वळले. "ही तुझ्या बापाची." दुसरी. निळे टोक पाठ फिरवून गेले, मागचे पांढरे टोक कॉइलीकडे आले. "ही माझी." अकराही झाल्या. सात तिच्या निघाल्या. शिवणाच्या पेटीतून लाल दोरा काढून तिने एकेकीला बांधला. चार ठिकाणी एक गाठ, सात ठिकाणी दोन.

पुतण्या पाहत होता. "हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं," तो पुटपुटला.

"शिकवलं असेल रे. मोटार पाठवायच्या आधी मीही तेच सांगितलं होतं."

तो लाजला. खरेच लाजला, पोरगा मुळात वाईट नव्हता. "चुकलं माझं, आत्या. तू परत काम कर."

ती क्षणात ताठ बसली. तिच्या तोंडावर खिडकीतला सकाळचा उजेड पडल्यासारखे झाले. "स्टूल आहे ना तिथंच?"

"तिथे आता नवीन मशीन बसवलंय. विजेवरचं, आपोआप मोजतं. जुनं यंत्र घरी आणतो, तू घरूनच गुंडाळ, मी तार आणून देत जाईन. फक्त..." तो अडखळला. "फक्त हँडल उजव्या हाताने फिरवत जा. म्हणजे सगळ्या एकसारख्या होतील. आणि बाबा म्हणतात, बाहेर कुणाला सांगायला नको."

आत्याने डबीचे झाकण लावले.

"कॉइली घेऊन जा," ती म्हणाली. "डबी इथे राहील."

तो पिशवी घेऊन गेला. ती पुन्हा कधी दुकानाची पायरी चढली नाही. गाठी बांधलेल्या त्या सात कॉइली निरनिराळ्या मोटारींत गेल्या आणि आजही कुणाच्या तरी घरी पाणी चढवत असतील.

संध्याकाळी भाऊ आणि ती एकाच खोलीत बसतात. तो खुर्चीत, ती भिंतीशी. थोड्या वेळाने तिचा डावा हात मांडीवर आपोआप फिरू लागतो, आपल्यापासून पुढे, संथ, एकसारखा. ओठ हलत राहतात, एकशे ऐंशीपर्यंत, मग पुन्हा एकपासून. हातात तार नाही. भाऊ एकदा तिकडे पाहतो, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.