बाबांनी न लिहिलेलं वाक्य

काल दादरच्या फुलबाजारात सुरंगीचे वळेसर दिसले आणि त्या दाट, गोड वासासरशी मी परळच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बाबा सरकारी खात्यात अर्थतज्ज्ञ होते. त्या संध्याकाळी कधी नव्हे ते आईसाठी सुरंगी घेऊन आले. पुडी हातात घेत आईनं विचारलं, "काय झालं?"

"साहेब म्हणाले, महाराष्ट्रापासून वेगळी झाली तर मुंबईचं भलंच होईल, असं अहवालात लिहा. माझा अभ्यास तसं सांगत नाही. मी नाही म्हटलं."

"मग आता?"

"बदली. राजकोटला धाडतील बहुतेक."

आईनं पुडी सोडली. मग वळेसर केसांत माळत म्हणाली, "तिथे मासे मिळतात ना?"

बाबा मोठ्यानं हसले, पण चहाचा कप त्यांच्या हातात थरथरत होता. मला वाटलं, रागानं. पुढे मीही सरकारात तेच काम केलं, साहेबांसमोर उभी राहिले, तेव्हा कळलं की बाबा घाबरले होते, आणि घाबरूनही नाही म्हणाले होते.

बदली झालीच; राजकोट तेव्हा मुंबईच्याच द्विभाषिक राज्यात होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या दिवशी बाबांनी राजकोटच्या शेजाऱ्यांना पेढे वाटले. शेजारीही पेढे घेऊनच दारात उभे होते. त्यांनाही त्यांचं राज्य मिळालं होतं.