टाचणीमावशींचा बोर्ड

पंधरा मुलांचं अख्खं वर्ष बुडवायला फार मेहनत लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. एक पोस्टर, आठ टाचण्या आणि स्वतःच्या अक्षरावरचं आंधळं प्रेम एवढं पुरतं.

मी तेव्हा कॉलेजात भाषेचा नवा मास्तर होतो. जो नवा येईल त्याच्या गळ्यात वाङ्मय मंडळ बांधायचं, असं तिथे ठरलेलंच होतं. मंडळातर्फे शुक्रवारी एका कवींचं व्याख्यान होतं आणि त्याचं पोस्टर मी तीन संध्याकाळ खपून स्वतः रंगवलं होतं. रंगवता रंगवता ते एकेरी चादरीएवढं झालं. सोमवारी सकाळी ते गुंडाळून काखेत मारलं आणि ऑफिससमोरच्या नोटीस बोर्डापाशी गेलो. बोर्ड कागदांनी गच्च भरलेला. जागा नव्हती, म्हणून मी ती केली. म्हणजे होत्या त्या कागदांवरच चादर अंथरली, चार पावलं मागे सरून पाहिलं, स्वतःच स्वतःला मान डोलावली आणि वर्गावर गेलो.

हे मला जमलं, कारण बोर्डाच्या मालकीणबाई त्या दिवशी रजेवर होत्या.

मालकीण कसल्या, हजेरीपटावर शिपाईच. पण पटावरचं त्यांचं नाव प्राचार्यांनाही आठवावं लागायचं. सगळं कॉलेज त्यांना टाचणीमावशी म्हणे. डाव्या खांद्यावर फ्लॅनेलची एक चौकोनी चिंधी शिवलेली आणि तिच्यात ओळीने खोचलेल्या वीस-पंचवीस टाचण्या. एखाद्या सेनापतीच्या छातीवर पदकं असावीत तशा. बुटकी, काटक मूर्ती. चालणं असं, की पाठमोऱ्या दिसल्या तरी कुणाला तरी उशीर झालाय एवढं नक्की कळावं.

हा बोर्ड त्यांना कुणी दिला नव्हता. त्या कामाला लागल्या त्या झाडलोटीला. तेव्हा बोर्डावर कागद लागायचे, निघायचे मात्र नाहीत. कडा पिवळ्या पडून आपणहून गळाले तर गळाले. एका दुपारी मावशी सभागृह झाडायला गेल्या, तर पहिल्या रांगेत इस्त्रीचे कपडे घातलेला एक मुलगा एकटाच बसलेला. केसांना तेल, बुटांना पॉलिश.

"काय रे, इथे काय करतोस?"

"नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत आहे ना मावशी? तीनला."

स्वागत होतं खरं, पण मागच्या वर्षी. सूचना तेवढी अजून लटकत होती. मावशींनी त्याला तसं सांगितलं. तो "हो का," म्हणाला आणि तरीही जरा वेळ बसूनच राहिला. इतके कपडे करून आलेला माणूस लगेच उठणार कसा? मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, कॅन्टीनमधून दोन चहा आणले आणि त्याच्या शेजारी बसून त्याचं स्वागत केलं. तिथून उठल्या त्या थेट बोर्डापाशी गेल्या आणि उलटून गेलेल्या तारखांचे त्रेचाळीस कागद त्यांनी एका दमात उतरवले. कुणी हुकूम दिला नाही, कुणी विचारलं नाही. बोर्ड त्यांचा झाला.

मग त्यांनी त्याला शिस्त लावली. वर डावीकडे परीक्षा, उजवीकडे कार्यक्रम. खाली डावीकडे ऑफिसच्या सूचना, उजवीकडे हरवलं-सापडलं. तारीख उलटली की त्याच संध्याकाळी कागद खाली. आणि लावण्याआधी प्रत्येक सूचना त्या समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या. वाचून झाली की चार प्रश्न ठरलेले: कोणी यायचं, कुठे यायचं, कधी यायचं आणि नाही आलं तर काय होईल. चारांपैकी एकाचंही उत्तर कागदावर नसलं तर कागद परत. मग आणणारा कुणी का असेना.

एकदा उपप्राचार्यांनी स्वतः सूचना आणली. मावशींनी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"सर, 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी' असं लिहिलंय. हे संबंधित कोण?"

"अहो, ज्यांचा संबंध आहे ते."

"त्यांना ठाऊक आहे का, आपला संबंध आहे म्हणून?"

उपप्राचार्यांनी कागद पुन्हा वाचून पाहिला.

"सव्वीस वर्षं बोर्ड बघतेय सर. संबंधित म्हणून एक पोरगं पुढे आलेलं नाही. नावं लिहून द्या, मी शोधून आणते."

उपप्राचार्य कागद घेऊन गेले आणि नावं लिहून आणली. कॉलेजातल्या चाळीस प्राध्यापकांना सोपं लिहायला कुणी शिकवलं असेल तर ते या बाईंनी. त्यांचं स्वतःचं शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेलं.

घरीही तोच कारभार. स्वयंपाकघराच्या दारावर एक छोटा बोर्ड होता. मी एकदा गेलो होतो तेव्हा त्यावर लावलेलं वाचलं: 'सूनबाई माहेरी, शुक्रवार ते सोमवार. कुकर: मुलगा. भांडी: मुलाचे वडील. न केल्यास: उपाशी.' सूनबाई हसत म्हणाल्या, "आमच्याकडे भांडणसुद्धा आदल्या दिवशी लावलेलं असतं. ऐन वेळचं आई ऐकूनच घेत नाहीत." मावशींचे यजमान कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते वर न बघता म्हणाले, "माझं निघायचं ठरलं तर तेही आधी लावून घेईल ही." मावशी म्हणाल्या, "घेईन तर. पाहुण्यांना जागा कुठे द्यायची ते बघायला नको?"

त्याच यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मावशी सोमवार ते बुधवार रजेवर होत्या. सव्वीस वर्षांत सलग तीन दिवसांची ही पहिली रजा, आणि नेमकी तीच मी साधली.

गुरुवारी दुपारी बाराला मी वर्ग आटोपून येत होतो, तर मावशी बोर्डासमोर उभ्या. यजमानांना इस्पितळातून घरी सोडून त्या नुकत्याच आल्या होत्या. माझ्या पोस्टरचा खालचा कोपरा त्यांनी दोन बोटांनी उचलून धरला होता आणि आत डोकावून पाहत होत्या. मला वाटलं, अक्षराचं कौतुक चाललंय. मी जरा रेंगाळलो.

"सर, हे तुमचं?"

"हो. जमलंय का?"

मावशींनी आठही टाचण्या काढल्या, पोस्टर माझ्या हातात दिलं आणि मागच्या कागदावर बोट ठेवलं. ऑफिसची सूचना होती. तेवीस नावं. या तेवीस जणांच्या परीक्षेच्या अर्जावर सही राहिली आहे, गुरुवारी पाचपर्यंत प्रत्येकाने स्वतः ऑफिसात येऊन सही करावी. न केल्यास: यंदा परीक्षेला बसता येणार नाही.

गुरुवार म्हणजे आज.

"पण मोबाईलच्या ग्रुपवर पाठवली असेल ना?" मी चाचरत विचारलं.

"पाठवली होती शनिवारी. त्याच दिवशी कुणाचा तरी वाढदिवस निघाला. चारशे जणांनी केक पाठवला. सूचना केकखाली गेली. बोर्डावर होती, ती तुमच्याखाली गेली."

आत हेडक्लार्कसाहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. सोमवार उजाडायच्या आत आठ जण सह्या करून गेले होते. पंधरा बाकी. फोन करावेत तर अर्जावरचे नंबर कुणाच्या काकांचे, कुणाच्या जुन्या घरमालकाचे. मुदत वाढवावी तर ती साहेबांच्या हातात नव्हती. पाचला विद्यापीठाची यादी संगणकावर आपोआप बंद व्हायची. रजिस्टर बाहेर न्यावं म्हटलं, तर साहेबांनी त्यावर दोन्ही कोपर टेकले. "सही माझ्यासमोर झाली पाहिजे. नियम आहे."

मी मटकन खुर्चीत बसलो. मावशी मात्र यादी उतरवून घेत होत्या.

"सर, तुम्हाला स्कूटर चालवता येते?"

"येते."

"मग उठा. बसून सह्या होत नाहीत."

पुढचे पाच तास मी जे पाहिलं, ते मला कुठल्या ग्रंथात सापडलं नसतं. कोण विद्यार्थी कुठल्या वर्गात हे वेळापत्रक सांगतं. कोण खरोखर कुठे असतो हे मावशींना ठाऊक होतं, आणि ते बोर्डामुळे. सव्वीस वर्षं त्या नुसते कागद लावत नव्हत्या, कागद वाचणाऱ्यांना वाचत होत्या.

"हा चौथा, हा फक्त खेळाचं वाचतो. मैदानावर जा. ही सहावी दर आठवड्याला हरवलं-सापडलं बघते, छत्री टिकत नाही तिची. ती आत्ता ग्रंथपालांशी छत्रीवरूनच बोलत असणार. हे दोघं सूचना वाचतात, पण एकमेकांकडे बघत. मागच्या जिन्यात मिळतील. खोकून जा."

मी खोकून गेलो. मिळाले.

छत्रीवाली खरंच ग्रंथालयात होती. एकजण वसतिगृहात तापाने पडला होता. त्याला मी ब्लँकेटसकट स्कूटरवर बसवून आणला आणि त्याने सही केली ती तीन ओळींत पसरली. दोघं भाऊ शेजारच्या गल्लीत न्हाव्याकडे होते. धाकट्याची अर्धीच दाढी झाली होती, तसाच आला. मावशी कॉलेजच्या आवारातले वेचत होत्या, मी बाहेरचे. मध्येच जिन्यात भेट झाली की त्या नुसता आकडा सांगायच्या. "नऊ राहिले." "पाच राहिले." श्वास लागला होता, पण तो आकड्यात येऊ द्यायच्या नाहीत.

चारला एकच नाव उरलं. एक मुलगी. सकाळचे दोन तास करून जायची, पुढे कुणाला दिसायची नाही. वर्गातल्यांना तिचं घर माहीत नव्हतं. मी तिला शिकवत होतो, आणि मला तिचा चेहराही धड आठवेना. याची मला त्या पोस्टरपेक्षा जास्त लाज वाटली.

"ती बोर्ड सकाळी साडेनऊला वाचते," मावशी म्हणाल्या, "पिशवी खांद्यावर ठेवूनच. बाहीला नेहमी निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात. निळा दोरा म्हणजे गणवेश. पुलापलीकडे गणवेशाचा कारखाना आहे. काढा स्कूटर."

मावशी माझ्यामागे बसल्या. एवढ्या वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "ब्रेक जरा कमी दाबा."

कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन रांगांत चाळीस शिलाई मशीन आणि कानठळ्या बसवणारी घरघर. मुलगी तिसऱ्या मशीनवर होती. मावशींना बघताच तिचा पाय पायडलवरून सुटला. मावशींनी तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं: कोणी, कुठे, कधी, नाही आलं तर काय. चौथं वाक्य ऐकून तिचे डोळे भरले.

"मी सोमवारपासून रोज बघितलं, मावशी. तिथे कवींचं होतं फक्त."

मी छताकडे पाहू लागलो.

मुकादम आला. चार पंचवीस झाले होते. सहाला माल गाडीत चढवायचा होता, चाळीसपैकी एक मशीन थांबलं तरी गणवेशांना खिसे कमी पडणार होते. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावरही कुणाची तरी तारीख होतीच.

"बाई, अर्धा तास मशीन बंद ठेवता येणार नाही मला."

"बंद कुठे ठेवताय?" मावशी म्हणाल्या. "ऊठ गं. सर, घेऊन जा हिला."

आणि त्या तिच्या जागी बसल्या. चष्मा पुसला, सुई तपासली, शेजारणीकडून एक खिसा मागून घेऊन उलटसुलट पाहिला आणि पायडल दाबलं. मुकादम काही म्हणायच्या आत पहिला खिसा त्याच्या हातात होता. त्याने तो ताणून पाहिला, शिवण नखाने खरवडली आणि हात हलवून आम्हाला जायला सांगितलं.

मी स्कूटर कशी चालवली ते विचारू नका. चार त्रेपन्नला त्या मुलीने सही केली. हेडक्लार्कसाहेबांनी नेहमीप्रमाणे टिपकागद दाबला, संगणकाचं बटण दाबलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना धुळीचा त्रास आहे, असं ते म्हणाले.

मुलीला घेऊन परत गेलो तेव्हा साडेपाच वाजत आले होते. मावशींच्या शेजारी खिशांचा निळा ढीग लागला होता. मुकादम म्हणाला, "काकूंना उद्यापासून इकडेच पाठवा." मावशी उठल्या, कमरेवर हात ठेवून क्षणभर वाकल्या, मुलीच्या बाहीवरचा दोरा काढला आणि म्हणाल्या, "नीट अभ्यास कर. अजून सतरा खिसे राहिलेत."

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाक होता. मावशी त्यावर टेकल्या आणि त्यांनी चपला काढल्या. घोट्यापर्यंत पाय सुजले होते. घरी डोळ्याला पट्टी बांधलेला नवरा वाट पाहत होता, आणि ही बाई माझ्या हौसेपायी पाच तास पायपीट करून वर परक्याचे खिसे शिवून आली होती. दिवसभरात ती मला एक वेडावाकडा शब्द बोलली नव्हती. प्राचार्यांनाही काही कळवलं नव्हतं. मी विरघळून गेलो होतो. समोर उभा राहिलो आणि अगदी मनापासून म्हणालो, "मावशी, इतकं होऊनही तुम्ही माझ्यावर एकदाही रागावला नाहीत."

त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"तेव्हा वेळ नव्हता, आता आहे, बसा."